तालमीतून योगाकडे : स्वामी कुवलयानंद

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे असे आपल्या अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि भिशीचा हिशेब यापलीकडे लेखणी फारशी हातात धरलेली नाही. पण दर गुरुवारी आपण देवळाच्या सभागृहात सतरंजी अंथरून जी आसने करतो, ती आजच्या रीतीने आपल्यासारख्यांपर्यंत ज्यांच्यामुळे पोचली त्यांची माहिती द्यायला काय हरकत आहे, असे त्या म्हणाल्या. शिवाय आमच्या घरात गेले वर्षभर जो वाद चालला होता तो त्यांना ठाऊक होता. म्हणून हे धाडस करते आहे. भगिनींनी चुकले माकले समजून घ्यावे.

वाद असा. आमचा थोरला पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावणे, गोळाफेक आणि संध्याकाळी तालीम. तिथे वजने उचलणे, जोर, बैठका. अंग चांगले भरले आहे, दृष्ट काढावी असे. पण मी पश्चिमोत्तानासन करू लागले की तो हसायचा. आई, हे म्हाताऱ्या माणसांचे आणि बैराग्यांचे, याने काय ताकद येते, असे त्याचे म्हणणे. त्याला शिकवणाऱ्यांनीही सांगितले होते की आसनांनी शरीर ढिले पडते, नादी लागू नकोस. मी गप्प बसत असे. मग एके दिवशी वजन उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली आणि तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला. त्या दिवसांत मामंजींची जुनी ट्रंक आवरताना मला स्वामी कुवलयानंदांचे आसनांवरचे पुस्तक सापडले. मामंजी तरुणपणी कुस्ती खेळलेले. पैलवानाच्या ट्रंकेत आसनांचे पुस्तक पाहून मला नवल वाटले. वाचू लागले, आणि मग या माणसाची जेवढी माहिती मिळेल तेवढी गोळा करीत गेले.

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, त्या वेळच्या बडोदे संस्थानातील डभोई गावचा. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक, आई सरस्वतीबाई. घराणे मराठी कऱ्हाडे ब्राह्मणांचे, पण घरात पैसा नव्हता. शिक्षणासाठी दुसऱ्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. ज्या घरात मुलाची फी कुठून आणायची हा रोजचा प्रश्न असतो, त्या घरातल्या आईचे दिवस कसे जातात हे आपल्यापैकी पुष्कळजणींना वेगळे सांगायला नको. मुलगा मात्र हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली आणि तिच्या बळावर तो बडोदे कॉलेजात दाखल झाला.

बडोद्यात तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांचे राज्य होते. कॉलेजात अरविंद घोष शिकवीत होते. तेच पुढे पाँडिचेरीला गेलेले योगी अरविंद. देशात लोकमान्यांचा आवाज घुमत होता. या वाऱ्यात वाढलेल्या तरुणाने देशसेवेसाठी जन्मभर अविवाहित राहण्याचे ठरवले, आणि ते पाळले.

याच शहरात त्याला पहिला गुरू भेटला. तो योगी नव्हता, व्यायामाचा उस्ताद होता. प्रोफेसर माणिकराव हे नाव जुन्या पिढीला ठाऊक असेल. जुम्मादादा नावाच्या उस्तादांची तालीम त्यांच्याकडे आली होती, आणि आजही ती जुम्मादादा व्यायाम मंदिर या नावानेच ओळखली जाते. शिष्याने संस्थेवर आपले नाव न घालता गुरूचे नाव राखले, ही गोष्ट मला फार आवडली. माणिकरावांकडे लाठी, लेझीम, मल्लखांब, दंड, बैठका, सर्व देशी व्यायाम शिकवले जात. ते हाडे बसवण्यातही नाणावलेले होते. शेकडो मुलांना एका मैदानात उभे करून, एका हुकमावर, एका तालात व्यायाम करून घेण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि हुकूम इंग्रजी कवायतीचे न ठेवता आपल्या भाषेतले केले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

जगन्नाथ १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाला. म्हणजे ज्याला आपण आज योगाचार्य म्हणतो त्याने घाम गाळला तो आधी आखाड्याच्या मातीत. मी हे वाचून दाखवले तेव्हा आमचा थोरला अंथरुणात कूस बदलून नीट ऐकू लागला. तोवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

१९१० साली पदवी घेतल्यावर गुण्यांनी सरकारी नोकरी धरली नाही. खानदेशातील अमळनेर येथे ते शिक्षणाच्या कामाला लागले. तिथली खानदेश एज्युकेशन सोसायटी उभी करण्यात त्यांचा हात होता, आणि १९१६ साली ते तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अमळनेर म्हटले की आपल्याला साने गुरुजी आठवतात. तेही शिक्षक म्हणून तिथेच होते, पण ते थोडे मागाहून आले. गुणे तिथे मुलांना भारतीय संस्कृती शिकवीत. चांगले चालले होते. पुढे १९२३ साली इंग्रज सरकारने ते महाविद्यालय बंद पाडले, कारण तिथे राष्ट्रीय वृत्तीची मुले तयार होत होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन अशी काढून घेतली गेली. दुसरा कोणी असता तर हताश झाला असता. पण गुण्यांच्या आयुष्यात त्याआधीच दुसरी एक वाट उघडली होती.

ती १९१९ साली. नर्मदेच्या काठी, बडोद्याजवळ मालसर नावाचे गाव आहे. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध बंगाली योगी येऊन राहिले होते. गुणे त्यांच्याकडे गेले आणि आसन, बंध, प्राणायाम शिकले. त्या वेळी गुण्यांचे वय पस्तीस-छत्तीस. आपल्या वर्गात नव्या आलेल्या बायका नेहमी म्हणतात की आता या वयात अंग कुठे वाकते. त्यांना मी हे वय सांगत असते. याच माधवदासांचे दुसरे एक शिष्य म्हणजे मुंबईत १९१८ साली योगाची संस्था काढणारे श्री योगेंद्र. एका वृद्ध साधूने नदीकाठी बसून दोन माणसे घडवली आणि त्या दोघांनी गुहेतला योग शहरात आणला.

आता खरी गोष्ट इथून पुढे आहे. योग शिकल्यावर गुण्यांना स्वतःच्या शरीरात फरक जाणवला. सामान्य शिष्य असता तर गुरूचा चमत्कार म्हणून हात जोडून मोकळा झाला असता. गुण्यांची गुरूवर श्रद्धा होती, पण त्यांचे मन हिशेबी होते. तालमीत शिकलेल्या माणसाला कुठला स्नायू कशाने कमावला जातो हे कळत असते. दंड काढले तर खांदे आणि छाती, बैठकांनी मांड्या. मग पोट आत ओढून धरले की शरीरात नेमके काय होते? हे कोणी मोजले आहे काय? कोणी मोजले नव्हते. म्हणून १९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बडोद्याच्या दवाखान्यात प्रयोग सुरू केले. उड्डियान बंध आणि नौली करताना पोटाच्या आतले अवयव कसे हलतात ते क्ष-किरणांच्या यंत्राखाली पाहिले. आतला दाब किती होतो ते पाऱ्याच्या नळीने मोजले.

नौली म्हणजे काय हे ज्या भगिनींना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. श्वास पूर्ण सोडून पोट पाठीला लागेल इतके आत ओढायचे आणि मग पोटाचे मधले दोन स्नायू तेवढे दोरखंडासारखे पुढे काढायचे. पाहायला भीती वाटते. जुन्या हठयोगात साधक नदीत बसून, पिचकारीवाचून, नुसत्या या क्रियेने आतड्यात पाणी ओढून घेतात असे वर्णन आहे, आणि शिकलेले लोक त्याला भाकडकथा म्हणत. गुण्यांना मोजमापात दिसले की नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो. मग पाणी वर चढणारच. आपण शेंगदाण्याच्या तेलाच्या डब्यातून नळीने तेल ओढतो, तसाच हा प्रकार. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. इथेही मला बडोद्याची ती तालीम आठवली. माणिकरावांनी उस्तादांचे नाव संस्थेला ठेवले, शिष्याने गुरूचे नाव शोधाला ठेवले.

महाविद्यालय बंद झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९२४ च्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. आता ते स्वामी कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे कमळ. त्याच वर्षी योग मीमांसा हे नियतकालिकही सुरू झाले. त्यात त्यांनी एक शिस्त घातली. प्रयोगांची माहिती निराळी आणि सामान्य माणसासाठी लिहिलेली माहिती निराळी. जे यंत्रावर दिसले ते आणि जे परंपरेने सांगितले ते यांची सरमिसळ होऊ नये म्हणून.

या शिस्तीचे एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्राणायामाने शरीरात खूप जास्त प्राणवायू शिरतो असे आपण सर्रास बोलतो. मीसुद्धा बोलत होते. स्वामींनी श्वासातली हवा तपासून पाहिली आणि छापून सांगितले की प्राणायामाचे मुख्य महत्त्व जास्त प्राणवायू मिळण्यात नाही. त्याचा खरा उपयोग श्वासाला वळण लावण्यात आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांचे मत होते. ज्याची सारी संस्था योगावर उभी आहे त्याने योगाची एक लाडकी समजूत स्वतःहून खोडावी, हे सोपे नाही. आपल्या दुकानातला माल अमुक बाबतीत उपयोगाचा नाही असे सांगणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. त्यांचे प्रयोग थोड्या माणसांवर झालेले होते, साधनेही त्या काळची होती, आणि पुढच्या डॉक्टरांनी त्यात पुष्कळ भर घातली आहे. पण मोजून पाहण्याची वाट त्यांनी घातली.

आता तालमीचे काय? योग सापडला म्हणून स्वामींनी तालीम टाकून दिली काय? मुळीच नाही. माणिकरावांकडून शिकलेल्या देशी व्यायामाचा पुरस्कार त्यांनी शेवटपर्यंत केला. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवर त्यांनी काम केले, आणि तिथे केवळ आसनांचाच आग्रह धरणारा साधू म्हणून ते बसले नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. दोन्हींचे काम निराळे आहे. जोर-बैठका, वजने, धावणे यांनी स्नायू कमावले जातात, दम वाढतो, अंगात जोश येतो. आसनांचा रोख मोठे स्नायू फुगवण्यावर नाही. पाठीचा कणा सर्व बाजूंनी वाकता राहावा, पोटातल्या अवयवांना आतून दाब आणि ताण मिळावा, ग्रंथी आणि मज्जातंतू सुस्थितीत राहावेत, हा त्यांचा हेतू. म्हणून आसन झटके देऊन करायचे नाही. अंगाला त्रास न होता जितके जाते तितके न्यायचे आणि तिथे थांबायचे. घाम आलाच पाहिजे असे नाही. तालमीत शेवटचा दंड दात-ओठ खाऊन काढायचा असतो, आसनात दात-ओठ खाल्ले की बिघडले.

आमच्या मुलाचे नेमके इथेच चुकत होते असे मला वाटते. त्याच्या मांड्यांमागच्या शिरा लोखंडाच्या झाल्या होत्या. पुढे वाकले की हात गुडघ्याखाली जात नसे. अशी कंबर घेऊन तो वजन उचलत होता. अर्थात मी काही डॉक्टर नाही. डॉक्टरांनी त्याला आधी पूर्ण विश्रांती, मग हळूहळू हालचाल असेच सांगितले होते, आणि त्यांना विचारल्यावाचून मी त्याला एकही आसन करू दिले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्यात कोणाचे दुखू लागले की सल्ले द्यायला सगळ्या पुढे असतात.

स्वामींच्या पुस्तकात दोन्ही व्यायाम करणाऱ्यांसाठी जे सांगितले आहे ते मी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवून लिहून ठेवले. जोरकस व्यायाम आणि आसने एकापाठोपाठ एक, लगेच करू नयेत. मध्ये निदान २० मिनिटे जाऊ द्यावीत. ज्याला व्यायामानंतर अंगात जोम हवा आहे त्याने आसने आधी आणि जोरकस व्यायाम मागाहून करावा. ज्याला शेवटी शांत वाटायला हवे त्याने उलट करावे. जेवणानंतर आसने करायची तर मध्ये चांगले चार-साडेचार तास जावेत. आणि बायकांसाठी वेगळे सांगितले आहे की अडचणीच्या दिवसांत आणि दिवस गेले असता ही आसने करू नयेत. हल्ली गरोदर बायकांसाठी वेगळे वर्ग असतात, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात, ती गोष्ट निराळी.

त्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. भुजंगासन, शलभासन, धनुरासन यांनी कणा मागे वळतो. पश्चिमोत्तानासन आणि हलासन यांनी पुढे. मग पीळ देणारे अर्धमत्स्येंद्रासन, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी सोपे वक्रासन. सर्वांगासनानंतर मत्स्यासन, म्हणजे मान पुढे दाबली गेली की मग मागे मोकळी व्हावी. शेवटी शवासन. आपल्या वर्गात शवासन म्हटले की निम्म्या जणी घोरू लागतात आणि उरलेल्या संध्याकाळच्या भाजीचा विचार करतात. स्वामींच्या मते मात्र ते सर्वात अवघड. एकेक अवयव मनाने ढिला सोडायचा असतो.

आणि आता माणिकरावांच्या मैदानाची ती गोष्ट. आसने ही एकट्याने, एकांतात करायची अशी पूर्वापार समजूत. स्वामींना ती शाळेतल्या मुलांपर्यंत न्यायची होती. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, शिक्षक एक. तेव्हा त्यांनी आपल्या पहिल्या गुरूचीच रीत उचलली. हुकमावर, तालात, रांगेने करता येतील अशा सोप्या यौगिक हालचाली त्यांनी बसवल्या आणि १९३६ साली यौगिक संघ व्यायाम या नावाने त्या पुढे आणल्या. आपण गुरुवारी रांगा धरून एकदम हात वर करतो ना, त्यात नर्मदाकाठचा जेवढा भाग आहे तेवढाच बडोद्याच्या लाठी-लेझमीच्या मैदानाचाही आहे. हे कळल्यापासून मला तर रांगेत उभे राहताना निराळेच वाटते.

बाकीचा काळ भरभर सांगते, कारण तो संस्थांच्या वाढीचा आहे. १९२७ साली महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी पडले, त्या काळात प्रकृतीबद्दल त्यांचा आणि स्वामींचा पत्रव्यवहार झाला. १९३२ साली मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ पासून ती मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चालू लागली. ऑफिसातले लोक सकाळी तिथे आसने करून कामावर जाऊ लागले. राजकोटलाही केंद्र निघाले. परदेशी विद्यापीठांतून अभ्यासक लोणावळ्यास येऊ लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे बेहानन, हे मूळचे केरळचे, तिथे राहून योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय सुरू झाले. प्राचार्य असताना इंग्रजांनी ज्यांचे महाविद्यालय बंद पाडले, त्यांनी सत्तावीस वर्षांनी दुसरे काढून दाखवले. १९६० नंतर तिथे योगाने उपचार करणारे रुग्णालयही झाले.

एक गोष्ट मला खटकते ती लिहिते. एवढा मोठा आश्रम, प्रयोगशाळा, विद्यार्थी, पाहुणे. मिताहाराबद्दल पुष्कळ लिहिले आहे. पण तो मिताहार रोज शिजवत कोण होते, चूल कोण पेटवत होते, ताटे कोण वाढत होते, हे मी जे वाचले त्यात कुठे आढळले नाही. थोर माणसांच्या चरित्रात ही जागा नेहमी रिकामीच असते. स्वामींना दोष देण्याचा हेतू नाही, पण आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नाही लिहायचे तर कुठे लिहायचे?

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे निधन झाले. वय ८२. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्था सांभाळली. २०१९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले आणि २०२४ साली कैवल्यधामाला शंभर वर्षे पूर्ण झाली. आपल्या मंडळाची सहल पुढच्या वर्षी लोणावळ्याला न्यावी असे मी सुचवले आहे. चिक्की तर घेऊच, पण आधी तिकडे जाऊ.

आमच्या घरचे विचाराल तर थोरला आता बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याने आधी फक्त भुजंगासन आणि शवासन केले, पुढे एकेक वाढवत गेला. पहिल्या भरतीत दुखण्यामुळे त्याचे धावणे कमी पडले आणि नाव यादीत आले नाही. त्याचे त्याला वाईट वाटले, आम्हालाही वाटले. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. तालीम सोडलेली नाही, सोड असे मी म्हटलेही नाही. पण पुढे वाकला की हात आता पायाच्या घोट्याला लागतात.

आम्हा दोघांत आता नवाच वाद आहे. तालमीतून तो भुकेने कासावीस होऊन येतो. माझा जीव त्याला आधी पेलाभर दूध आणि दोन केळी द्यावी असा. आणि तो भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणतो की आई, तूच लिहिलेस, पोट रिकामे पाहिजे. मग तो घड्याळ लावून २० मिनिटे ओट्यावर बसून राहतो, नंतर सतरंजी अंथरतो, आणि मी दुधावर झाकण ठेवून भाकऱ्या थापायला घेते.